चिंचकाकीच्या घरचा एक दिवस

चिंचकाकी रोज वेगळ्या ताटात जेवायची. आज काठ चेपलेलं पितळी ताट, उद्या कुणाची तरी परात, परवा निळ्या फुलांची चिनी मातीची बशी. पाणी कधी तांब्यातून, कधी लोट्यातून, कधी चहाच्या कपातून. बसायला दर खेपेला निराळा पाट आणि अंगावर निराळी गोधडी. मी तिच्याकडं भाड्यानं राहायला गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वाटलं, एकट्या बाईचा केवढा हा पसारा! महिनाभरानं उलगडा झाला. त्या पसाऱ्यातलं तिचं स्वतःचं जवळजवळ काहीच नव्हतं.

ही गोष्ट साठ सालाच्या आगेमागे बेलापूरची. आज तिथं सरकारी कचेऱ्या आहेत आणि दुपारी जेवणाचे डबे घेऊन माणसं रांगेनं जिने उतरतात. तेव्हा खाडी, मिठागरं, भातशेती आणि कौलारू घरांचं गाव एवढंच होतं. मी घाटावरची. वय सव्वीस, लग्न झालेलं नाही, जीभ तिखट. शाळेवर नेमणूक झाली तेव्हा तीन महिन्यांत बदली करून घेईन अशी घरी प्रतिज्ञा करून आले आणि आठ वर्षं राहिले. गावात मला ‘मास्तरीन बाय’ म्हणत. काकीच्या घराला दोन खोल्या होत्या, मध्ये कुडाची भिंत. अलीकडं मी, पलीकडं ती.

तिच्या कामाला गावात नाव नव्हतं. कुणाच्या घरी माणूस गेलं, कुणी बिऱ्हाड मोडून मुंबईला निघालं, की मागं राहिलेल्या वस्तूंना हात लावणं घरच्यांच्या जिवावर यायचं. मग कुणीतरी म्हणायचं, “काकीला बोलवा.” काकी डोक्यावर पाटी घेऊन जायची. घरच्या बायका रडत बसलेल्या असत. ती त्यांच्याशी फार न बोलता भांडीकुंडी, कपडे, अंथरुणं, दिवे, छत्र्या गोळा करून आणायची. मग चिंच, राख आणि काथ्या घेऊन घासणं सुरू. सुईदोरा घेऊन शिवणं, खिळे ठोकणं, कंदिलाची काच पुसणं. चिंचेनं तिची बोटं कायम तपकिरी असायची, त्यावरूनच हे नाव पडलेलं. तयार झालेल्या वस्तूंचे ती दोन ढीग करायची. एक दान द्यायचा. दुसरा बंदराजवळच्या चाचांच्या दुकानात ठेवायचा. चाचा वस्तू आपल्या फळीवर मांडत आणि विकली गेली की ज्याची त्याला रक्कम पोचती करत. कुठली वस्तू कुठल्या ढिगात, हे काकी ठरवायची आणि तिच्या निर्णयावर अपील नव्हतं.

पण ढिगात जाण्याआधी प्रत्येक वस्तूला काकीच्या घरी एक दिवस काढावा लागे. ताट असेल तर ती त्यात जेवणार, गोधडी असेल तर त्यावर झोपणार, कंदील असेल तर तो रात्रभर तिच्या दारात लटकणार. मी विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, “एका घरानशी उठून सरल दुसऱ्या घरी कशी जाईल गो ती? मधी जरा टेकाया नको?” हे मला तेव्हा अगदी खुळचट वाटलं. मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवत होते. वस्तूला घर आठवतं असं म्हणणाऱ्या बाईबद्दल मी मनात जे म्हटलं ते इथं लिहीत नाही.

एकदा शेजारच्या पावणे गावाहून एक खुर्ची आली. हातांची, वेताच्या बैठकीची. तिच्या मालकाची जमीन नव्या कारखान्यांसाठी गेली होती आणि तो मुलाकडं ठाण्याला चालला होता. काकी जन्मात खुर्चीवर बसली नव्हती. तरी नियम म्हणजे नियम. सकाळपासून ती त्या खुर्चीत अवघडून बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. तिथूनच तिनं तांदूळ निवडले, तिथूनच शेजारणीशी बोलली. दुपारी मागचा पाय काडकन मोडला आणि काकी तांदळासकट खाली. मी धावले, तर ती जमिनीवर बसून हसतेय. “बरा झाला मी परले. लोकांच्या घरी पावना परला असता!” सुताराकडून नवा पाय बसवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली, कंबर दुखत असताना. तिची ही तपासणी होती की पाहुणचार, ते मला कधी नीट ठरवता आलं नाही.

फाटकं दान तिला चालत नसे. गावातल्या एका बड्या घरानं एकदा मिठागरावरच्या मजुरांना द्यायला म्हणून गोधड्यांचं बोचकं पाठवलं. गोधड्या कसल्या, भोकांना चिंध्या लावलेल्या. काकीनं त्या सगळ्या धुतल्या, वाळवल्या, घड्या घातल्या आणि डोक्यावर घेऊन परत त्याच घरी नेऊन ठेवल्या. घरधनी तणतणला. म्हणाला, मजुरांना काय मखमल हवी? काकी म्हणाली, “ज्या तुमी पांगरनार नाय त्या तुमी देव नका. धुतल्यात, तुमच्या बैलांना घाला.” हे तिनं अगदी गोड आवाजात सांगितलं म्हणे. त्या घरचं काम तिला पुढं दोन वर्षं मिळालं नाही आणि तिनंही त्या वाटेला पाऊल टाकलं नाही.

मला तिनं एक काम लावून दिलं होतं. भांड्यांवर नावं घातलेली असत. कुणी कुणाला कुठल्या लग्नात दिलं ते. काकीला अक्षर येत नव्हतं. शाळेतून आले की ती माझ्यापुढं एखादी कळशी धरायची. “वाच गो बाय, कोनाची ही?” मी वाचायची. मग ती त्या नावाचं जे काही आठवेल ते सांगायची: ही बाई भाकरी कशी थापायची, हिला गाण्याची किती हौस, हिचा नवरा कसा आधी गेला. चाचा म्हणत, नावं घासून टाका, गिऱ्हाईक नाक मुरडतं. काकी ऐकत नसे. घेणाऱ्याला ती नाव सांगूनच वस्तू द्यायची. बाळंतपणात गेलेल्या एका पोरीचा तांब्या कुणी घेईना, तेव्हा तो हातात घेऊन ती भर उन्हात करावे गावात गेली. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं आणि एका कोळणीनं तो घेतला. परत आली तेव्हा तिच्या पायांना फोड आले होते. त्या दिवशी मी तिला एक व्याख्यान दिलं. वस्तूला कसला आलाय विटाळ, कसला आलाय अपशकुन, हे सगळं माणसानं केलेलं आहे, मी तर असलं काही मानत नाही, वगैरे. माझा आवाज चांगलाच चढला असणार. काकी पायाला खोबरेल लावत ऐकत होती. “शिकलेली हायस तू,” एवढंच म्हणाली.

आता तिच्या नवऱ्याबद्दल. काकीच्या कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू असे आणि दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या सहा-सहा बांगड्या. नवरा मुंबईला गोदीत कामाला गेला होता. गेला तो मी यायच्या आधी बारा वर्षं. तिथं त्यानं दुसरं घर केलं होतं, त्याला मुलं होती, हे अख्ख्या गावाला माहीत होतं आणि काकीलाही होतं. तरी कुणी विचारलं तर ती सांगे, “कामाला गेल्यान. होलीला येतील.” दर होळीला ती अंगण सारवायची, नवं लुगडं नेसायची आणि संध्याकाळपर्यंत दारात उभी राहायची. मला या प्रकाराचा संताप यायचा. एका होळीला मी न राहवून म्हटलं, “काकी, तो माणूस येणार नाही. तुम्ही का स्वतःची अशी चेष्टा करून घेता?” तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, “नाय आले तरी मी त्यांचीच ना? तेवढा तरी माझा हाय.” त्या घरातलं तेवढं एकच तिचं स्वतःचं होतं, हे मला फार उशिरा उमगलं.

संध्याकाळी कुडापलीकडून तिचं बोलणं ऐकू यायचं. सुरुवातीला वाटायचं, कुणी आलंय. कुणी नसायचं. ती त्या दिवशीच्या ताटाशी, त्या दिवशीच्या पाटाशी बोलत असायची: आमटी जरा तिखट झाली, उद्या तुला पनवेलला जायचंय, मुलं आहेत त्या घरी, आदळआपट करतील, सांभाळून घे. मी अलीकडं स्टोव्हवर भात टाकून वह्या तपासत बसे. ती तिकडं एकटी जेवायची, मी इकडं एकटी जेवायची आणि मध्ये शेणानं सारवलेला कारवीच्या काड्यांचा कूड. आठ वर्षांत एकदाही मला सुचलं नाही, की आपलं ताट उचलावं आणि पलीकडं जाऊन बसावं. तिनं कधी बोलावलं नाही, आणि मी भाडेकरूच्या मर्यादेत राहिले. त्या मर्यादेचा मला आता राग येतो.

माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी, होळी होऊन दहा-बारा दिवस झाले असतील, भर दुपारी एक बाई एस.टी.तून उतरून विचारत विचारत दारात आली. बरोबर पत्र्याची ट्रंक, एक बोचकं आणि पितळी हंडा. कपाळ पांढरं, हात ओके. काकी अंगणात घासायला बसली होती. तिनं त्या ओक्या हातांकडं पाहिलं आणि काथ्या खाली ठेवला.

“मी शेवंता,” बाई म्हणाली. “मुंबईहून आले. ते गेले. आज सोळावा दिवस.”

काकी उठली, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. “आधी पानी पी,” म्हणाली. “उनातशी आलीस.”

शेवंता पाणी प्यायली आणि मग रडली. “त्यांच्या वस्तू खोलीत बघवत नाहीत, आक्का. कुणाला द्यायच्या तर तुमच्या हातून जाऊ देत. तुम्ही हेच काम करता असं ते सांगायचे. तुमचा हक्क पहिला.”

‘ते सांगायचे’ हे ऐकल्यावर काकीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. म्हणजे तिथं तिचं नाव निघत होतं. ती बोचक्याजवळ बसली, गाठ सोडली नाही, नुसता हात ठेवला. मग हंड्याकडं वळली. मी सवयीनं पुढं होऊन वाचायला वाकले. ‘चि. सौ. कां. हौसा हिस मामांकडून.’ हौसा हे काकीचं नाव. रेशन कार्डावर मी पाहिलं होतं. तिच्या लग्नातला हंडा वीस वर्षं त्या मुंबईच्या खोलीत पाणी भरत होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकी म्हणाली, “नको वाचू. मना ठाव हाय.” आणि हंडा उचलून तिनं शेवंतापुढं ठेवला. “यो तू घेऊन जा. पोरांना पानी लागतंय. वीस वरसं तूच घासलास, तुजाच झायला.”

शेवंता चारच्या गाडीनं गेली. मला वाटलं, आता काकी रडेल. ती चिंच भिजवायला बसली.

नवऱ्याच्या वस्तूंना तिनं इतर कुणाच्याही वस्तूंसारखंच वागवलं. कमी नाही, जास्त नाही. खाकी कपडे धुतले, बटणं लावली. कोटाचं अस्तर शिवलं. चपलांना तेल दिलं. आणि मग प्रत्येक वस्तूचा एक दिवस. त्याच्या ताटात ती जेवली. मी कुडाच्या फटीतून पाहिलं, कबूल करते. ती त्या दिवशी ताटाशी एक शब्द बोलली नाही. कोट खुंटीला लावून दिवसभर त्याच्या समोर बसली. दुसऱ्या दिवशी त्याची काळी छत्री उघडून लख्ख उन्हात विहिरीवर पाणी भरायला गेली. एका हातात छत्री, कमरेवर कळशी. एरवी खिदळणाऱ्या बायकांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. आठवड्याभरात कोट मिठागरावरच्या एका म्हाताऱ्याला गेला, छत्री चाचांच्या फळीवर गेली आणि घर पुन्हा होतं तसं झालं.

मग गावातल्या चार वडीलधाऱ्या बायका आल्या. कशासाठी ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. काकी उंबऱ्यात उभी राहिली. “फोराया देनार नाय,” म्हणाली. “माझ्या मी काढीन.” बायका म्हणाल्या, असं करत नाहीत. काकी म्हणाली, “आजवर कंदी काय फोरला का मी? धडधाकट वस्तू कशाला फोरायची?” त्या बडबडत निघून गेल्या. काकीनं हातांना साबण लावला आणि एकेक बांगडी हळूहळू उतरवली. हाडं रुंद होती, कातडी सोलली, रक्त आलं. बांगडी एकही फुटली नाही. बाराच्या बारा तिनं धुतल्या, पुसल्या, स्वच्छ फडक्यात गुंडाळल्या आणि द्यायच्या ढिगावर ठेवल्या. कपाळ पुसलं ते मात्र माझ्या पाठीमागं.

त्या बांगड्या कोण घेणार? काकीला खरंच वाटत होतं, की कुणीतरी घेईल. तिच्या हातून तयार झालेली वस्तू आजवर कधी पडून राहिली नव्हती. तिनं कासाराला विचारलं, त्यानं कानांना हात लावले. चाचांकडं गेली, चाचा हलक्या आवाजात म्हणाले, “काकी, तुमची कुठली पन वस्तू आनून ठेवा, या नको. माझ्या दुकानात कोन पाय नाय टाकनार.” करावे गावातल्या त्या कोळणीनंसुद्धा मान फिरवली. पुढं पुढं हातात ते फडकं दिसलं की लेकीबाळी असलेल्या बायका वाट बदलायच्या. काकी घरी येऊन फडकं ढिगावर ठेवायची आणि शेजारी बसून राहायची. मी पाहत होते आणि गावाला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

एक दिवस मी शाळेतून आले, तर ती माझ्या दारात. आठ वर्षांत ती माझ्या खोलीत कधी आत आली नव्हती. त्या दिवशी आली. फडकं उघडून तिनं बांगड्या माझ्यापुढं धरल्या.

“तू असला काय मानत नायस ना गो बाय? म्हनून तुना इचारलं. धनी जिता असताना काढल्यासारख्याच हायत त्या. फुटल्या नायत, बग. तुज्या हातान असल्या तर मना बरं वाटंल.”

मी हात पुढं केला. खरंच केला. बोटं बांगड्यांना लागणार तोच तो हात आपोआप मागं आला. अगदी थोडासा. मी विज्ञान शिकवत होते, मी व्याख्यानं देत होते. आणि माझ्या मनात त्या क्षणी आलं ते एवढंच, की अजून माझं लग्न व्हायचंय. कऱ्हाडहून एका स्थळाचं पत्र त्याच आठवड्यात आलेलं होतं.

काकीनं पाहिलं. माणसाच्या हाताची भाषा तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होती. तिनं झटकन फडकं गुंडाळलं आणि माझीच समजूत घातली, “जाव दे. तुजा मनगट बारीक हाय. गलून परतील.” मी काहीतरी पुटपुटले, पण ती तोवर अंगणात गेली होती. मी तिच्या मागं जायला हवं होतं. मी भात टाकला.

उन्हाळ्यात माझ्या बदलीचा हुकूम आला. काकीनं माझी ट्रंक आवरून दिली, कपड्यांत कडुनिंबाचा पाला घातला, माझ्या स्टोव्हची टाकी पुसून लख्ख केली. एस.टी.पाशी आली तेव्हा तिच्या उघड्या मनगटांकडं मला पाहवेना. ती म्हणाली, “पत्र टाक. चाचा वाचून दावतील.” मी दोन पत्रं टाकली. तिसरं टाकायचं राहून गेलं, आणि मग राहतच गेलं. दोन वर्षांनी शाळेतल्या जुन्या शिपायाकडून कळलं, की काकी गेली. तिचं घर आवरायला कुणी आलं की नाही, ते त्याला सांगता आलं नाही. बांगड्यांचं मी विचारलं नाही.

कऱ्हाडचं ते स्थळ जमलं नाही. पुढचीही जमली नाहीत. आज मी निवृत्त आहे, पुण्यात एका खोलीत राहते आणि रोज एकाच ताटात जेवते. ज्याला भिऊन मी त्या दिवशी हात मागं घेतला, ते एकटं राहणं तसंही माझ्या वाट्याला आलंच. निदान काकीला बरं वाटलं असतं.